अक्षरं पुसलेल्या तीन डब्या

धाकटी बहात्तर वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली होती, कारण थोरली अजून होती. थोरलीला सगळी गल्ली अक्का म्हणे. धाकटीला स्वतःचं असं नाव उरलंच नव्हतं. घरात ती धाकटी आणि चर्चमध्ये किल्लीबाई. वेदीमागच्या खोलीची किल्ली एकेचाळीस वर्षं तिच्या कमरेला होती. फादरांचे झगे, मेणबत्त्या, प्याले, वेदीवरची कापडं, सगळं तिच्या हाताखालून जाई. आणि लाकडी पेटीतल्या त्या तीन चांदीच्या डब्याही.

डब्या शाईच्या दौतीएवढ्या. फिरकीचं झाकण, आत कापूस, आणि कापूस तेलात चिंब, म्हणजे फादर घाईत निघाले तरी सांडायला नको. तिन्ही एकाच साच्यातल्या. एकीत दीक्षार्थींचं तेल, ते बाप्तिस्म्याआधी बाळाच्या छातीला लावतात. दुसरीत सुगंधी तेल, ज्याला क्रिझम म्हणतात, ते पाणी घातल्यावर बाळाच्या टाळूवर. तिसरीत रुग्णांचं तेल, ते कपाळावर आणि दोन्ही हातांवर. अक्काला ही लांबलचक नावं कधी जमली नाहीत. ती म्हणायची, "येणाऱ्यांचं, राहणाऱ्यांचं आणि जाणाऱ्यांचं."

मोठे फादर तिला समजावत, "अहो अक्का, ते तिसरं बरं होण्यासाठी असतं."

"बरं झालेलं एक माणूस दाखवा, मग म्हणेन तसं," अक्का म्हणायची आणि पुन्हा शिवणयंत्रावर मान घालायची. फादरांचे पांढरे झगे तीच शिवायची, त्यामुळे तिला बोलायची मुभा होती.

झाकणांवर पूर्वी अक्षरं कोरलेली होती. धाकटी कामाला लागली तेव्हा ती बोटालाही कळायची. पण चांदी काळी पडते आणि धाकटीला काळं खपत नसे. दर शनिवारी खडूची पूड आणि मऊ फडकं घेऊन ती डब्या घासायची. लोक म्हणत, किल्लीबाईंच्या डब्यांत तोंड बघून भांग पाडावा. अशी तीसएक वर्षं घासल्यावर एका शनिवारी तिच्या लक्षात आलं, की अक्षरं गेली आहेत. कुणी चोरली नव्हती. तिनंच फडक्यानं पुसून टाकली होती.

"सोनाराकडे ने आणि कोरून आण," अक्का म्हणाली.

"नेते की."

पण नेलं नाही. नेलं असतं तर फादरांना सांगावं लागलं असतं की अक्षरं कशी गेली. शिवाय अडत काहीच नव्हतं. दर वर्षी ईस्टरच्या आधी, गुरुवारी, बिशप नवं तेल आशीर्वादित करत. धाकटी त्याच्या आदल्या दिवशी जुनं तेल वेदीजवळच्या दिव्यात ओतायची, कापूस जाळायची, डब्या कोमट पाण्यानं धुवायची आणि ते पाणी अंगणातल्या झाडाच्या मुळाशी सोडायची, कारण ते गटारात जाता कामा नये. मग पेटी मांडीवर घेऊन बसनं दोन तासांवरच्या बिशपच्या चर्चमध्ये. तिथे एक म्हातारा ब्रदर मोठ्या घड्यांतून डब्या भरायचा, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधायचा आणि हाताला येतील तशा पेटीत ठेवून द्यायचा. चिठ्ठ्या होत्या आणि त्याहून खात्रीचं म्हणजे नाक होतं. क्रिझमला झाडाच्या सुवासिक चिकाचा असा काही गंध असे की डबी बंद असली तरी बोटांना दोन दिवस यायचा. धाकटी अंधारातही ती डबी ओळखायची.

मग तिचं नाक गेलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आठ दिवस ताप आला, ताप उतरला आणि नाक परत आलंच नाही. पहिल्यांदा कळलं ते अक्काला. दूध करपून घरभर वास सुटला आणि धाकटी शेगडीपाशी उभी राहून शांतपणे फडक्यांच्या घड्या करत होती.

"अगं, तुझं नाक आता फक्त चष्मा टेकवायला," अक्का म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. पण धाकटीचं तोंड पाहून ती थांबली.

"कुणाला सांगू नकोस, अक्का."

"का? नाक गेलं म्हणजे काय अब्रू गेली?"

"किल्ली काढून घेतील. नवी माणसं टपलेलीच आहेत. किल्ली गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठे?"

अक्कानं विचार केला. तिचे गुडघे कधीच गेले होते. बाजारहाट धाकटी करायची. "बरं," ती म्हणाली, "नाक माझं, पाय तुझे. दोघींचं मिळून एक धड माणूस होतं."

त्या वर्षी धाकटीनं तेलाची पेटी परस्पर चर्चमध्ये न नेता आधी घरी आणली. अक्कानं एकेक डबी उघडून हुंगली, सुवासाची बाजूला काढली, उरलेल्या दोन चिठ्ठ्यांवरून लावल्या. दहा मिनिटांचं काम. दोघींनी त्यावर चहा घेतला आणि अक्का म्हणाली, "बिशपांना कळलं तर मला पगार देतील."

पुढच्या हिवाळ्यात अक्काला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोळे मात्र होते तसेच राहिले, आणि मान. मान ती हलवायची, हो म्हणाल्यासारखी. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" अक्कानं मान हलवली. "बरं वाटतंय का?" मान हलवली. धाकटी डॉक्टरांना म्हणाली, "तिला सगळं कळतं." डॉक्टरांनी मान खाली घालून औषधं लिहून दिली.

ईस्टर आला. धाकटी पेटी घेऊन गेली आणि परत आली. त्या दिवशी बसमध्ये उकडत होतं, रस्त्याचं काम चाललं होतं, पेटी मांडीवर सारखी आपटत होती. घरी येऊन उघडली तर दोन डब्यांची झाकणं सैल झालेली. तेल पाझरून चिठ्ठ्यांवर आलं होतं, शाई पसरून नुसते निळे डाग उरले होते. एकच चिठ्ठी कोरडी होती: दीक्षार्थी. म्हणजे उरलेल्या दोघींत एक क्रिझम आणि एक रुग्णांचं. धाकटीनं दोन्ही नाकाशी धरल्या. पाण्याचा पेला धरावा तसं वाटलं.

ती पलंगावर अक्काजवळ बसली. पहिली डबी उघडून तिच्या नाकाशी नेली.

"अक्का, ही सुवासाची का?"

अक्कानं डबीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि मान हलवली.

दुसरी डबी धाकटीनं तिच्यापुढे धरलीच नाही. धरली असती तर अक्का काय करेल, हे आत कुठेतरी तिला ठाऊक होतं. तिनं पहिलीच्या गळ्यात पांढरा दोरा बांधला, दुसरीच्या गळ्यात जांभळा, आणि जांभळी म्हणजे रुग्णांची असं मोठ्या फादरांना सांगितलं. मोठ्या फादरांच्या नाकात तपकिरीखेरीज काही शिरत नसे. ते म्हणाले, "वा, दोऱ्याची युक्ती छान आहे. इतकी वर्षं का नाही सुचली?"

उन्हाळा सरता सरता चार रस्त्यांजवळचा सुतार गेला. धाकटी त्याच्या घरी भेटायला गेली तेव्हा सुताराची बायको पदर डोळ्यांना लावून सांगत होती, "फादरांनी तेल लावलं आणि काय सांगू, खोलीभर सुवास. देवदूत येऊन गेल्यासारखा."

बायका हळहळल्या. धाकटी मात्र लवकर उठली. माणूस दुःखात काहीही बोलतं, ती घरी येताना स्वतःला सांगत होती. कुणी फुलं आणली असतील, उदबत्ती लावली असेल. सोनाराची गल्ली वाटेतच होती. ती तिथे न थांबता पुढे गेली.

मोठे फादर निवृत्त होऊन गेले. नवे फादर आले, तरुण, पायात धुळीचे बूट, सगळ्यांना 'अहो' म्हणणारे. घड्याळजीची आई गेली, पोस्टमन गेला, नळाच्या कोपऱ्यावरची आजारी पोर गेली. फादर दर वेळी जांभळ्या दोऱ्याची डबी खिशात घालून जात, परत आणून देत, आणि धाकटी ती शनिवारी घासत असे.

डिसेंबरातल्या एका दुपारी अक्काचा श्वास बदलला. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई निवृत्त असल्या तरी त्यांचा कान निवृत्त झाला नव्हता. त्या जिना चढून आल्या, अक्काची नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "ताई, फादरांना बोलवा. उशीर नको."

फादर वीस मिनिटांत आले. सकाळीच दुसऱ्या एका आजाऱ्याकडे जाऊन आले होते, त्यामुळे खिशात डबी होतीच. धाकटीनं पलंगाजवळच्या तिवईवर पांढरं कापड घातलं, अक्कानंच कडा शिवलेलं. मेणबत्ती लावली. तिची बोटं सवयीनं सगळं करत होती. फादरांनी झाकण फिरवलं, कापसावर अंगठा दाबला, अक्काच्या कपाळावर क्रूस काढला, मग डाव्या तळहातावर, मग त्या मेलेल्या उजव्या हातावर. प्रार्थना संपली.

मग नर्सबाई हळूच म्हणाल्या, "किती छान वास येतोय हो या तेलाला."

धाकटीनं मेणबत्तीकडे पाहिलं. मेणबत्ती साधी होती. खोलीत फूल नव्हतं.

"कसला वास?" तिनं विचारलं.

"अहो, केवढा दरवळतोय. तुम्हाला येत नाही?"

"फादर, तुम्हाला येतोय?"

फादर झाकण लावत होते. "येतो ना. नेहमीच येतो. मला वाटलं, इकडे रुग्णांच्या तेलातही थोडा सुगंध घालतात. पहिल्याच दिवशी विचारणार होतो, घड्याळजीच्या आईच्या वेळी. पण तुम्ही इतकी वर्षं बघताय. मी नवा. बरं दिसलं नसतं."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली.

"ते रुग्णांचं नाही," ती म्हणाली. "ते क्रिझम आहे. मला वास येत नाही, फादर. दोन वर्षं झाली. मी अक्काला विचारून दोरा बांधला, आणि अक्का..." तिनं अक्काकडे बघितलं. "अक्का सगळ्यालाच मान हलवते."

फादरांनी डबी पुन्हा उघडून नाकाशी नेली, मग बंद केली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते रागावले नाहीत, आणि धाकटीला तेच जास्त लागलं.

"मग तिला पुन्हा लावा," ती म्हणाली. "खरं तेल लावा. मी धावत जाऊन दुसरी डबी आणते. पांढऱ्या दोऱ्याची. तीच रुग्णांची असणार."

"नक्की?"

"नक्की. तिसरी दीक्षार्थींची. बसमध्ये झाकणं सैल होऊन बाकीच्या चिठ्ठ्या भिजल्या, तिची कोरडी होती."

"ती चिठ्ठी त्याच डबीची होती? झाकणं सैल झाली होती म्हणता. दोरे सुटले नव्हते?"

बस, उकाडा, मांडीवर आपटणारी पेटी. दोरा गळ्यात होता की पेटीच्या तळाशी पडलेला तिनं उचलून बांधला? एकेचाळीस वर्षांतला प्रत्येक शनिवार तिला आठवत होता. ही एक गोष्ट आठवेना.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

अक्काच्या घशात खरखर झाली. नर्सबाईंनी तिची मान थोडी उचलून उशी सारखी केली आणि फादरांकडे नुसतं पाहिलं.

"घरात तेल आहे का?" फादरांनी विचारलं.

"कसलं तेल?"

"स्वयंपाकाचं. वनस्पतीचं असलं म्हणजे झालं. अडचणीच्या वेळी फादरला स्वतः आशीर्वाद देता येतो. परवानगी आहे."

"तळणीचं तेल? अक्काला?"

"हो."

"फादर, मी चाळीस वर्षं..."

"ताई," नर्सबाई म्हणाल्या, "वाद नंतर घाला."

धाकटी स्वयंपाकघरात गेली. बाटली शेगडीमागे, गळ्याशी चिकट, तळाला दोन बोटं तेल. केव्हाचं आहे कुणास ठाऊक. दोन म्हाताऱ्यांच्या घरात तेल संपतं कुठे. तिनं बाटली नाकाशी नेली, मग आपण काय करतोय हे कळून तशीच खाली घेतली. तिनं अक्काच्या औषधाची वाटी धुतली, पुसली, पुन्हा पुसली. तेल ओतून वाटी दोन्ही हातांत धरून बाहेर आली आणि आधी नर्सबाईंपुढे धरली.

"खवट तर नाही ना? बघा."

नर्सबाईंनी वास घेतला. "जरासं जुनं आहे. चालेल."

चालेल. ज्या कामासाठी तिनं चांदी झिजवली होती, ते आता 'चालेल'वर येऊन थांबलं होतं.

फादरांनी पुस्तकात पान शोधलं. पान सापडायला वेळ लागला. पानं पातळ होती आणि त्यांचा अंगठा अजून क्रिझमनं ओला होता. धाकटी अक्काच्या छातीकडे बघत उभी होती. वर. खाली. मग बराच वेळ काही नाही. मग वर. फादरांनी वाटीवर हात धरून आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, अंगठा पुसून तेलात बुडवला आणि पुन्हा कपाळ, पुन्हा डावा हात, पुन्हा उजवा. जास्त झालेलं तेल अक्काच्या भुवईवरून कानाकडे ओघळलं. धाकटीनं ते पदरानं टिपलं.

अक्का जिवंत होती. डोळे उघडे होते.

नर्सबाई खाली गेल्या, तासाभरानं येते म्हणाल्या. फादर दाराबाहेरच्या पायरीवर टेकले, कारण धाकटी तिथे जाऊन उभी राहिली होती आणि तिला काहीतरी विचारायचं होतं.

"आणि बाकीचे?" ती म्हणाली. "सुतार. पोस्टमन. ती पोर. त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना करा. मीही करेन. बिशपांना कळवतो."

"बिशप काय करणार? माणसं मातीत गेली."

"हो."

"आणि बाळं? त्यांच्या टाळूला जाणाऱ्यांचं तेल लागलं असेल."

"बाळांचा बाप्तिस्मा पाण्यानं झाला. पाणी नळाचं होतं, त्यात कुणाला चूक करता येत नाही." फादर बुटांकडे बघत होते. "अहो, देव डबी बघून दार उघडत नाही."

धाकटीला हे वाक्य पटावं असं फार वाटलं. तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिलं.

"मग इतकी वर्षं मी डब्या घासल्या कशाला?" तिनं विचारलं.

फादर तरुण होते, अजून उत्तरं जमवत होते. धाकटीनं कमरेची किल्ली सोडली. कडी घट्ट होती, नखानं उचलावी लागली. तिला वाटलं होतं, ते म्हणतील, असू द्या, राहू द्या तुमच्याकडेच. फादर म्हणाले, "मी आज तिन्ही डब्या बाजूला काढून ठेवतो," आणि किल्ली खिशात घातली, त्या डबीशेजारी. जिना उतरताना दोन्ही एकमेकांवर किणकिणत गेल्या.

ती आत आली. मेणबत्ती अर्धी झाली होती. वाटीत तेल उरलं होतं. ते सांडायचं नाही, सिंकमध्ये ओतायचं नाही, जाळायचं किंवा मातीत द्यायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं वाटीवर बशी झाकली. मग अक्काचा डावा हात हातात घेऊन बसली. हात तेलकट होता, निसटत होता.

"अक्का," ती म्हणाली, "आता लागलं ना? नीट पोचलं ना?"

अक्कानं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

धाकटीच्या छातीतलं ओझं इंचभर सरकलं. ती पुढे वाकली.

"मी चुकले, अक्का. तुला दुसरी डबी दाखवायला हवी होती. मला माफ केलंस ना?"

अक्कानं मान हलवली.

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. जे विचारू नये असं तिला वाटत होतं, तेच तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि आवरता आवरेना.

"अक्का, मी कोण? मी आई का गं तुझी?"

अक्काचे डोळे तसेच होते, नेहमीचे, मिश्कील म्हणावेत असे. तिनं धाकटीकडे एकटक पाहिलं आणि मान हलवली, आधीच्या दोन्ही वेळांसारखीच, तेवढीच, तितक्याच सावकाश.

धाकटीनं पुन्हा काही विचारलं नाही. तिनं अक्काचा हात पदरानं पुसायला घेतला, मग मध्येच थांबली, कारण ते तेल पुसायचं नसतं. तो निसटणारा हात तिनं तसाच धरून ठेवला आणि नर्सबाईंच्या पावलांची वाट पाहत बसली.